नाकखुपशी आणि निरीक्षकबाई

वजनकाटे दुरुस्त करणारी पोरगी आपल्या घरात सून म्हणून येईल, असं सासूबाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. सासूबाई वजनमापाच्या निरीक्षक होत्या. बाजारातल्या प्रत्येक काट्याला त्यांच्या हातचं सील असायचं. ते तोडणाऱ्याची त्या भर बाजारात अशी हजेरी घ्यायच्या की शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा आपापल्या पिशव्या चाचपून बघायची. एकदा अशीच हजेरी त्यांनी एका विशीतल्या मुलीची घेतली. तिनं बेकरीवाल्याचा काटा उघडून दुरुस्त केला होता आणि नवं सील लागायची वाट न बघता चालू करून दिला होता. "काटा बरोबर आहे, हवं तर वजन टाकून बघा," असं ती वर तोंड करून म्हणाली. वजन टाकून बघितलं. काटा अगदी बरोबर निघाला, आणि त्याचाच सासूबाईंना जास्त राग आला.

पुढच्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा, जो बस चालवतो, तीच मुलगी घेऊन दारात उभा राहिला.

"हिला मी ओळखते," सासूबाई म्हणाल्या. "हिनं सील तोडलं होतं."

लग्न झालं, दोन मजले वर नवा संसार थाटला गेला, पण ते वाक्य काही जुनं झालं नाही. घरात काही मोडलं, हरवलं, उघडं राहिलं की ते हमखास बाहेर यायचं. वहिनी (नणंदेची वहिनी ती हळूहळू अख्ख्या इमारतीचीच वहिनी झाली) ते या कानानं ऐकायची आणि त्या कानानं सोडून द्यायची. तिचा स्वभावच तसा होता. बंद वस्तू दिसली की हिच्या हाताला खाज सुटायची आणि उघडल्याशिवाय जिवाला चैन पडायचं नाही. नवरा म्हणायचा, "हिला नुसतं कुलूप दाखवू नका, रात्रीची झोप उडते."

काटे इलेक्ट्रॉनिक झाले तेव्हा तर कहरच झाला. आता आतला स्क्रू ढिला आहे की स्प्रिंग गेली आहे हा प्रश्नच उरला नाही. काटा दुरुस्त झाला तरी कंपनीचा गुप्त आकडा टाकल्याशिवाय तो वजन दाखवायचा नाही, आणि तो आकडा फक्त कंपनीच्याच माणसाला ठाऊक. आपण जेवायचं नाही आणि दुसऱ्यालाही जेवू द्यायचं नाही, असा हा प्रकार. वहिनी इरेला पेटली. शोधता शोधता तिला इंटरनेटवर आपल्यासारखीच माणसं भेटली. कंपन्यांनी बंद करून विकलेल्या यंत्रांच्या आत काय चालतं हे ती माणसं बाहेरून बघून, ऐकून, चाचपून उकलायची. मग तेच काम करणारा प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं नव्यानं लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवायची. ओपन सोर्सचा सगळा मामला. जगाच्या पाठीवर विखुरलेली ही बिरादरी टोपणनावांनी वावरायची. वहिनीनं तिथं स्वतःचं नाव घेतलं 'नाकखुपशी'. लहानपणापासून तिला लोक हेच म्हणत आले होते, मग ते मिरवायला काय हरकत आहे?

या बिरादरीत तिनं नाव काढलं. दोन यंत्रांमधल्या तारेवरून जे आकडे धावतात, ते टिपून घ्यायचे आणि कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे ताडायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती काट्यावरचं वजन एका ग्रॅमनं वाढवायची आणि कोणता आकडा हलला ते बघायची. परत कमी करायची, परत बघायची. शितावरून भाताची परीक्षा करायची, पण प्रत्येक शीत तपासूनच.

इकडे सासूबाईंचे कान मात्र हळूहळू हात वर करत होते.

त्यांच्या कानामागं एक यंत्र होतं, भारी ताकदीचं. कान जसजसे उतरतील तसतसं ते नव्यानं जुळवून घ्यावं लागायचं आणि ते काम दवाखान्यातल्या कानाच्या बाई कंपनीच्या प्रोग्रॅमवर करायच्या. पुढं कंपनीनं ते यंत्र बनवणं बंद केलं. प्रोग्रॅम उघडायचा, यंत्रातली जुनी मापं दाखवायचा, पण नवी मापं साठवायची म्हटली की कंपनीच्या संगणकाकडे परवानगी मागायचा. तो संगणकच कंपनीनं बंद करून टाकलेला. परवानगी देणार कोण? "नवीन यंत्र घ्या," असं उत्तर आलं. नवी यंत्रं दोन वेळा आणून पाहिली. सासूबाईंच्या कानांना ती मानवेनात, घातली की डोकं गरगरायचं. यंत्र धडधाकट, कान अजून थोडे शिल्लक, आणि मध्ये अडकून बसलंय ते एक परवानगीचं बटण. वहिनीला याचा संताप संताप व्हायचा.

मग एके दिवशी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन भांडं जळलं. शेजारी दार बडवत होते आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत शांतपणे कोडं सोडवत बसल्या होत्या. नुकसान भांड्याचंच झालं, पण थोरल्या मुलाच्या कानावर गेलं. थोरला दुसऱ्या गावी राहायचा, माणूस वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं. "हिवाळा संपला की आईला मी माझ्याकडे नेतो," त्यानं जाहीर केलं. सासूबाईंना जायचं नव्हतं. या दोन खोल्या त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतल्या होत्या, खालच्या बाजारातला प्रत्येक दुकानदार त्यांना अजून वचकून होता. तिकडे जाऊन काय करायचं? मुलाच्या घरी पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसायचं? त्या आठवडाभर धड जेवल्या नाहीत, आणि वहिनीनं यंत्र संगणकाला जोडणाऱ्या तारेला हात घातला.

आता इथं या बिरादरीचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. परवानगीची भानगड सोडवायला वहिनीला कंपनीचा प्रोग्रॅमच उकलून आतून वाचावा लागला. आणि जो आतून वाचतो, त्यानं नवा प्रोग्रॅम लिहायचा नाही. वाचणाऱ्यानं फक्त वर्णन लिहायचं, 'यंत्राला अमुक आकडे अमुक क्रमानं हवे असतात' एवढंच, तेही सगळ्यांना दिसेल अशा जागी. लिहिणाऱ्यानं ते वर्णन तेवढं वाचायचं, मूळ प्रोग्रॅमकडे ढुंकूनही बघायचं नाही. दोघांनी आपसात कुजबुजायचंही नाही. म्हणजे उद्या कंपनीनं चोरीचा आळ घेतलाच, तर दाखवता येतं की बघा बाबा, यानं तुमचं काही पाहिलेलंच नाही. नकलेचा डाग लागला तर नुसतं एक काम नाही, सगळा प्रकल्प बुडतो. प्रकल्पाचे म्होरके होते एक आजोबा, मोठमोठ्या मिशांचे. या बाबतीत ते इतके सोवळे होते की वहिनी म्हणायची, "आजोबा कंपनीच्या जाहिरातीवरूनसुद्धा डोळे मिटून पुढं जातात."

आणि लिहिणारी कोण होती? नणंद. विमा कचेरीत प्रोग्रॅम लिहायची, हात अगदी स्वच्छ. आईसाठी तिनं आपणहून काम मागून घेतलं. नणंद-भावजयीनं एकमेकींशी बोलायचं नाही हा नियम जगात पहिल्यांदाच कुणी लेखी केला असेल, नाहीतर एरवी तो आपोआपच पाळला जातो. या दोघींचं मात्र सूत छान जमलेलं. दर रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायचे, तेव्हा दोघींना तोंडाला कुलूप लावून बसावं लागायचं. यंत्राचा विषय निघाला की नणंद म्हणायची, "बटाटे छान झालेत," आणि वहिनी म्हणायची, "हो, मीठ बेताचं आहे." नवरा म्हणायचा, "बटाट्यांचं इतकं कौतुक मी उभ्या जन्मात ऐकलं नाही."

काम झपाट्यानं पुढं सरकलं. यंत्र नव्या प्रोग्रॅमला ओळखू लागलं, जुनी मापं वाचून देऊ लागलं, नवी मापं घेऊही लागलं. पण घेतलेली मापं साठवून ठेवीना. बंद करून चालू केलं की ये रे माझ्या मागल्या. हिवाळा सरत आला तरी घोडं तिथंच अडलेलं. नणंदेनं वर्णन पाठ होईस्तोवर वाचलं. त्यात लिहिलं होतं की सगळ्या आकड्यांच्या शेवटी एक ताळा जोडावा लागतो. शाळेत बेरीज बरोबर आली का हे बघायला ताळा करतात, तसाच. तो जुळला तरच यंत्र मापं साठवतं. नणंद ताळा जोडत होती, यंत्र तो नाकारत होतं.

त्या रविवारी ती जेवायला आली तीच रडवेली होऊन. थोरल्याचा निरोप आला होता की पुढच्या पंधरवड्यात गाडी घेऊन येतो.

"मला नाही जमत," ती ताट बाजूला सारत म्हणाली. "मी शून्यापासून सगळे आकडे मिळवते, दहादा तपासते, तरी ताळा चुकतो. आईला नेणार तो आता. माझ्यामुळं."

आणि वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "अगं, शून्यापासून कशाला? सत्त्याण्णवपासून सुरू कर ना!"

वहिनीनं जीभ चावली. वर्णनात तिनं तो सुरुवातीचा आकडा लिहिलाच नव्हता. लपवायचा म्हणून नव्हे. कंपनीचा प्रोग्रॅम वाचता वाचता तो सत्त्याण्णव तिच्या इतका अंगवळणी पडला होता की सांगायला हवा हेच सुचलं नाही. आत राहून आलेल्या माणसाची ही नेहमीची चूक. आपल्याला पाठ झालेलं सगळ्या जगाला ठाऊक आहे असं त्याला वाटतं.

"मी काही ऐकलं नाही," नणंद घाईघाईनं म्हणाली. तिचे डोळे मात्र चमकले होते.

"मीही नाही," नवरा म्हणाला. "बटाटे छान झालेत."

वहिनीच्या मनात एका क्षणात सगळं येऊन गेलं. कोणाला कळणार आहे? आज संध्याकाळी प्रोग्रॅम पुरा होईल, उद्या दवाखाना, थोरला येईल तेव्हा आई आपल्या घरात ऐकत्या कानांनी बसलेली असेल. खोलीत चौघंच तर आहेत, त्यातला एक नवरा, एक नणंद आणि चौथ्या माणसाला ऐकूच येत नाही.

चौथ्या माणसानं चमचा खाली ठेवला.

"सत्त्याण्णव म्हणालीस तू," सासूबाई म्हणाल्या. "मी बघितलं."

कान गेल्यापासून सासूबाई ओठ वाचत होत्या. समोरच्याचं तोंड दिसत असलं की त्यांना बरंचसं कळायचं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते सोयीनं विसरायचे.

"आई, तुम्हाला माहितीये ना हे कशासाठी चाललंय?" वहिनी नीट तोंड समोर करून म्हणाली. "तुमच्यासाठी. हे जर आता मी आजोबांना कळवलं, तर तिला ते काम सोडावं लागेल. कदाचित तिनं लिहिलेलं सगळंच काढून टाकतील. 'तुम्ही नणंद-भावजय दर रविवारी एका टेबलावर जेवता, कशावरून याआधी कुजबुजला नाहीत?' असं आम्हाला विचारतील. मग तुमचे कान पुढच्या वर्षावर जातील. भाऊजी येऊन तुम्हाला घेऊन जातील."

"जाऊ देत," सासूबाई म्हणाल्या. "हे यंत्र माझ्या एकटीच्या कानावर नाही. तूच म्हणालीस, कुठं कुठं लोक वाट बघत बसलेत. उद्या कंपनीनं बोट दाखवलं तर त्या सगळ्यांचं बंद पडेल. काटा बरोबर होता, तरी मी तुला बाजारात बोलले होते. कळलं का बोलले होते ते?"

वहिनीला ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. काटा बरोबर असून भागत नाही. तो बरोबर आहे असं ज्याला काट्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही मानता आलं पाहिजे, म्हणून सील असतं. तिनं जेवण तसंच टाकलं, वर जाऊन आजोबांना सगळं जसंच्या तसं लिहून टाकलं, आणि खाली येऊन भांडी घासली. भांडी घासताना ती रडली, हेही सांगून टाकावं. रागानं रडली, स्वतःवरच्या.

आजोबांनी दुसऱ्याच दिवशी व्हिडिओवर गाठलं. वहिनीला ज्याचं भय होतं तोच प्रश्न आला. याआधी कुजबुज झाली नाही याला साक्षीदार कोण?

"मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वहिनीला आणि नणंदेला खोलीबाहेर काढलं, दार लावलं, केस नीट केले आणि पडद्यासमोर बसल्या. पुढचं वहिनीला दाराच्या फटीतून ऐकू आलं, नाकखुपशी ती नाकखुपशीच.

"तुमच्या मिशांमुळं मला तुमचे ओठ दिसत नाहीत," सासूबाई खडसावत होत्या. "एक तर मिशा कापा, नाहीतर प्रश्न लिहून दाखवा."

आजोबांनी मिशांना अभय दिलं आणि प्रश्न लिहून दाखवले. सासूबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. आपण नोकरीत काय होतो, दर रविवारी टेबलावर कोण कुठं बसतं, आपली खुर्ची दोघींच्या समोर कशी असते. "ऐकू येणारा माणूस जेवताना ताटात बघतो," त्या म्हणाल्या. "मला दोघींच्या तोंडाकडंच बघावं लागतं, नाहीतर जेवणावर काय बोलणं चाललंय ते मला कळणार कसं? या आधी एक शब्द नाही. असता तर तेव्हाच तुम्हाला कळवला असता. सून आहे म्हणून गय केली नसती. तिला विचारा."

मग आजोबांनी निर्णय लिहिला. नणंदेचं बाकी सगळं लेखन राहील. ताळ्याचा भाग तेवढा टाकून द्यायचा. वहिनीनं वर्णनातली चूक सगळ्यांसमोर दुरुस्त करायची, आणि तो भाग ते स्वतः लिहितील, कारण त्यांनी त्यातलं काहीच पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही.

वहिनीनं वर्णन दुरुस्त केलं नाही, ते अख्खं नव्यानं लिहिलं. या वेळी तिनं एक युक्ती केली. प्रत्येक वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. नवऱ्याला बसच्या गिअरपलीकडे काही कळत नव्हतं, आणि तो जिथं "म्हणजे?" म्हणाला तिथं तिनं आणखी दोन ओळी घातल्या. तो खूपदा म्हणाला. शेवटी मजकूर इतका स्वच्छ झाला की आजोबांनी एकाही शंकेशिवाय आपला भाग लिहून पाठवला आणि खाली पुस्ती जोडली, "असं वर्णन मी आजवर वाचलं नव्हतं." वहिनीनं ते वाक्य घरात सगळ्यांना दाखवलं. दुधवाल्यालाही दाखवलं असतं, पण नवऱ्यानं अडवलं.

दवाखान्यात कानाच्या बाईंनी घाई केली नाही. यंत्र आधी कानात न घालता मापनाच्या डबीत ठेवलं, आवाज ठरल्या हद्दीबाहेर जात नाही ना हे पुन्हा पुन्हा पाहिलं. बंद केलं, चालू केलं. मापं जागच्या जागी होती. मगच त्यांनी ते सासूबाईंच्या कानामागं बसवलं आणि एकेक पट्टी चढवत नेली. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या.

"पंख्याला तेल घाला," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "किरकिरतोय."

कानाच्या बाई हसल्या, नणंदेनं वहिनीला मिठी मारली, आणि कानाच्या बाईंनी तिथल्या तिथं फळ्यावर लिहून ठेवलं की हेच यंत्र असलेल्या सगळ्यांना बोलवायचं आहे. वाटेत नणंदेनं थोरल्याला कळवायला फोन काढला तेव्हा सासूबाईंनी तिचा हात धरला. "काही कळवू नकोस," त्या म्हणाल्या. "तपासणीला जायचं असेल तर आधी सांगून जात नाहीत."

थोरला ठरल्या दिवशी आला. आईच्या पाया पडला, तिच्यासमोर उभा राहून मोठ्यानं, ओठ ठळक हलवत तब्येत विचारली, तिच्या खांद्यावर शाल नीट केली. मग नेहमीसारखा खिडकीशी गेला, खोलीकडे पाठ केली आणि बाहेर बघत धाकट्याशी आणि वहिनीशी साध्या आवाजात बोलू लागला.

"कायमचं चल म्हटलं तर ती येणार नाही," तो म्हणाला. "आठ दिवसांसाठी चल म्हणू. एकदा आली की रुळेल. या खोल्यांना मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय, सही मागाहून घेता येईल. तिला विचारत बसलो तर उगाच त्रास करून घेईल."

वहिनी काही बोलणार तोच मागून आवाज आला.

"अरे, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं," सासूबाई म्हणाल्या, "की तुला खिडकीतून बाहेर बघायला आवडतं."

थोरला वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं खुर्ची ओढली, आईच्या अगदी समोर बसला, आणि जुन्या सवयीनं एकेक अक्षर तोडत, ओरडून म्हणाला, "आई, चु-क-लं मा-झं!"

"ओरडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेतला होता. "तू हळू बोललास तरी मला ऐकू येतंय. आता सांग, माझं घर कोणाला विकत होतास?"